आडाला कायदा लागला

मी मिरजेच्या रेल्वे चाळीत वाढले. वडील रेल्वेत खलाशी. चाळीला नळ एकच आणि त्याच्यावर रोज सकाळी रणधुमाळी, पण ती नंबरावरून. कुणाची घागर पुढं सरकवली, कुणी बादली मध्येच घातली, यावरून मी लहानपणी पोरींच्या झिंज्या उपटलेल्या आहेत आणि माझ्याही उपटून घेतल्या आहेत. जात काढायला त्या गर्दीत कुणाला सवड नसे. स्टेशनावर मात्र हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं होतं. वडील म्हणायचे, सरकार फार दक्ष आहे, तहान कुणाला लागली ते आधी बघतं आणि मग पाजतं.

लग्न ठरलं ते शाळामास्तराशी. आमच्या महार जमातीत तेव्हा मास्तर म्हणजे कलेक्टरच. आई चार दिवस चाळभर सांगत फिरली. त्या मास्तराला माण तालुक्यात, म्हसवडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं गाव मिळालं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला ते माहीतच नव्हतं. मलाही गाडीतून उतरेपर्यंत माहीत नव्हतं.

गावापुढं आमच्या मास्तरांनी मोठा पेच टाकला होता. मास्तर म्हटला की त्याला मान द्यायला पाहिजे, आणि महार म्हटला की द्यायला नको. गाव हुशार, त्यानं तोड काढली. नमस्कार करायचा, पण रस्त्याच्या पलीकडून. पोरांनी पाट्या जमिनीवर ठेवायच्या, मास्तरांनी उचलून तपासायच्या, परत जमिनीवर ठेवायच्या. पोरांना मारायला हरकत नव्हती, उलट आग्रहच होता, पण छडीनं. हातानं चापट मारली तर विटाळ, छडीनं वळ उठवला तर विद्या. शाळा सुटली की आया दारातच पोरांच्या अंगावर पाणी शिंपडून त्यांना घरात घेत. गावात प्यायला पाणी नव्हतं, पण शिंपडायला होतं.

राहायला आम्हाला महारवाड्यात एक खोली मिळाली. पाण्याची सोय म्हणजे ओढ्यातला झिरा. वाळूत खड्डा करायचा, पाणी झिरपायची वाट बघायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. होळी झाली की झिरा आटे. मग उरे गावातला आड.

आड चावडीसमोर होता. भोवती दगडी कट्टा, कट्ट्यावर रहाट. आम्ही कट्ट्यावर चढायचं नाही, दोराला हात लावायचा नाही. कट्ट्याखाली एक काळा दगड होता, त्याच्यावर घागर घेऊन बसायचं. गावातली एखादी बाई पाणी शेंदायला आली आणि तिच्या मनात आलं, तर ती वरून आमच्या घागरीत पाणी ओतायची. मनात नाही आलं तर दुसरीची वाट बघायची. महारवाड्यातल्या म्हाताऱ्या बाया त्या दगडावर इतकी वर्षं बसल्या होत्या की तो मधे गुळगुळीत झाला होता.

पाटलाची थोरली सून तर पाणी ओतण्यात तरबेज होती. पोहरा कमरेच्या वर उचलायची आणि धार सोडायची. घागरीत निम्मं जायचं, निम्मं माझ्या लुगड्यावर. ओतण्याआधी शेजारणीला कालची सगळी हकीकत सांगून व्हायची आणि मी खाली, मान वर करून बसलेली. एकदा मी म्हटलं, "वैनी, जरा खालून ओता की." तर म्हणाली, "आगं, खालनं वतलं तर शिंतुडं उडत्यात माज्यावर." म्हणजे माझ्या घागरीला लागून परत उडालेल्या थेंबांची तिला भीती. विटाळ खालून वर उडतो, हे मला मिरजेत कुणी शिकवलं नव्हतं.

त्या सुमारास मला दिवस गेले. मास्तर आठवड्याला म्हसवडहून पेपर आणत, शिळा असला तरी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचत. एकदा त्यांनी वाचून दाखवलं की जगातल्या सगळ्या देशांनी मिळून माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा केलाय, सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं ठरलंय. मी भाकरी थापत होते. विचारलं, "आपल्या पाटलाला कळवलंय का?" मास्तर हसले नाहीत. त्यांना वाचलेल्या अक्षराबद्दल फार आदर होता.

मग मीच तवा खाली उतरवला आणि त्यांना सरळ सांगितलं. माझं मूल त्या दगडावर बसून मान वर करणार नाही. बसायचंच असेल तर मी मिरजेला जाते, तिथंच बाळंत होते आणि तिथंच राहते. तुम्ही इथं पाट्या उचला. हे मी रागानं बोलले, पण उगीच बोलले नव्हते. माझी ट्रंक मी त्याच दिवशी झाडून ठेवली.

मास्तरांना ट्रंकेचा अर्थ कळला. कायदा होताच. पाणवठे, धर्मशाळा, हॉटेलं सगळ्यांना खुली, अडवेल त्याला शिक्षा, असा मुंबई सरकारचा कायदा होऊन दोनेक वर्षं झाली होती. तो मुंबईहून निघाला असणार, पण वाटेत लोणंदला त्याची गाडी चुकली असावी, आमच्यापर्यंत काही पोचला नव्हता. मास्तरांनी मामलेदारांना अर्ज केला. अर्ज करणारा सरकारी नोकर, म्हणजे त्याची उद्या बदलीही झाली असती. पण मामलेदारांना वरून विचारणा झाली असावी, कारण ते खरोखरच आले.

आड खुला करायचा समारंभ झाला. कट्ट्याला लिंबाचे डहाळे बांधले, नारळ आणला, मामलेदारांना खुर्ची आणि पाटलाला घडवंची. गाव सगळं जमलं आणि माना खाली घालून उभं राहिलं, प्रेत निघायच्या वेळी राहतात तसं. मामलेदार बोलायला उभे राहिले ते खाली बसेनात. समता, बंधुता, स्वराज्य. पाणी ही निसर्गाची देणगी आहे हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की ऐकून ऐकून सगळ्यांना तहान लागली. मी पोटुशी बाई दोर हातात धरून उन्हात उभी. शेवटी त्यांनी मला खूण केली.

मी पोहरा सोडला. पाणी लागल्याचा आवाज खालून आला आणि माझे डोळे भरून आले, ते मी लपवलं नाही. पोहरा ओढला, तांब्या भरला आणि मामलेदारांपुढं धरला. "घ्या साहेब."

साहेबांनी तांब्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. म्हणाले, "आत्ताच चहा झालाय. आणि मला पित्ताचा त्रास आहे, डॉक्टरांनी पाणी कमी सांगितलंय." निसर्गाची देणगी डॉक्टरांनी बंद केली होती. तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. त्यांच्याबरोबरच्या शिपायानं तो माझ्याकडून घेतला आणि एका दमात रिकामा केला. तो बिचारा चालत आला होता. टाळ्या झाल्या, मोटार गेली आणि कायदा अमलात आला.

संध्याकाळी चावडीवर बैठक बसली. आमच्या मास्तरांना बोलावणं नव्हतं, पण ते समोरच्या शाळेच्या ओट्यावर बसले होते आणि चावडीतली माणसं हळू बोलणाऱ्यातली नव्हती. पाटील म्हणाला, "आडाला कायदा लागला. आता त्यो मोडायचा न्हाई. आपून कायद्याला मान देणारी मानसं. पर आडाचं पानी पिलंच पायजेल, असा काय कायदा हाय का?"

नाही, असा कायदा नव्हता. गावाला ही सुटका फार आवडली. ठरलं असं, की गावातल्या कुणी आडाच्या कट्ट्यावर चढायचं नाही. जो चढेल त्यानं सगळ्या गावाला जेवण घालायचं. पाणी पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणायचं. मळा टेकाडाच्या पलीकडं, जाऊन येईतो ऊन डोक्यावर यायचं. तंबाखूची एक चिमूट थुंकायच्या आत निर्णय झाला. होणारच, चावडीत बसलेल्यांपैकी एकालाही घागर उचलायची नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आड आमचा झाला. चावडीसमोरचा तो कट्टा, तो रहाट, ते गार पाणी, सगळं महारवाड्याचं. कुणी अडवत नव्हतं. कायद्याचं असं तंतोतंत पालन मुंबईतही कुठं झालं नसेल. महारवाड्यातल्या म्हाताऱ्या पहिल्यांदा कट्ट्यावर चढताना चपला काढून चढल्या. मी त्यांना सांगितलं, हे देऊळ नाही. एक म्हणाली, "देवळात तरी कवा गेलोय गं, आमाला काय ठावं?" आणि हसत सुटली.

गावातल्या बायका मात्र डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा घागरी घेऊन टेकाड चढत होत्या. आडापाशी आल्या की मान वळवत. त्यांची मला दया आली असं मी म्हणणार नाही. मला गंमत वाटत होती. पाटलाची सून लंगडायला लागली तेव्हा तर जास्तच. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांत माती भरून ती पाय उचलून टाकायची. मी रहाट जरा जास्तच वाजवायची.

वैशाख अर्धा सरला आणि मळ्यातली विहीर गढूळ झाली. पाणी येई ते चिखलाचं, तेही पहिल्या चार बायकांना. एका दुपारी चावडीतली माणसं जेवून आडवी झाली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि मी आडावर एकटी होते. सातवा लागला होता, ऊन उतरेपर्यंत थांबायचं तर भाकरी राहत होती, म्हणून आले होते. मागं वळून बघते, तर खाली काळ्या दगडावर पाटलाची सून बसलेली. पदर पुढं ओढलेला, रिकामी घागर मांडीवर.

मला वाटलं चक्कर आली असेल. मी म्हटलं, "काय झालं, वैनी?"

ती इकडंतिकडं बघून म्हणाली, "पानी वाढ की गं वाईच."

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी परत विचारलं.

"आगं, कट्ट्यावर चढायला बंदी हाय. दोराला हात लावायला बी. पर तू वरनं वतलंस तर मी कुटं चढले? पानी घ्यायला काय बंदी न्हाई."

सासऱ्याचीच सून ती. मी तिच्याकडं बघत राहिले. माझ्या हातचं पाणी, माझ्या पोहऱ्यातलं, आणि ती मान वर करून त्या गुळगुळीत जागेवर बसलेली. गावाचा धर्म वाचवण्यासाठी गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरची सून महारणीपुढं घागर धरून बसली होती, आणि हे सगळं नियमात बसत होतं.

मी भरलेला पोहरा उचलला. कमरेच्या वर उचलला, तिच्यासारखाच. ओतावं असं फार मनात आलं. निम्मं घागरीत, निम्मं लुगड्यावर, आणि आधी मिरजेची एखादी लांबलचक हकीकत सांगावी. तिनं डोळे मिटून घेतले, अंगावर पाणी येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी पोहरा कट्ट्यावर ठेवला. म्हटलं, "मी वाढणार नाही. वर या आणि ओढा."

"सासरा जित्ता गाडंल मला."

"आणि माझ्या हातचं पाणी त्यांना पाजल्याचं कळलं तर काय आरती ओवाळतील?"

मी तिला सांगितलं, आड सगळ्यांना खुला आहे असं कायद्यात आहे. सगळ्यांत तुम्हीसुद्धा येता. तुम्हाला चढायला बंदी करणं हाच गुन्हा आहे, वाटल्यास आमचे मास्तर तुमच्यासाठी अर्ज करतील. ती घाबरून "नगं, नगं" म्हणाली आणि उठून चार पावलं निघून गेली. मग थांबली. परत आली आणि लंगडत कट्ट्याची पायरी चढली. तिनं दोर धरला. मी दोराचं दुसरं टोक धरलं, कारण ती पोहऱ्यासकट आत गेली असती तर तो आळही आमच्यावरच आला असता.

दुसऱ्या दुपारी ती जावेला घेऊन आली. मग जावेची शेजारीण आली. आठवडाभरात चावडी घोरायला लागली की गावातल्या सगळ्या बायका आडावर. भरलेल्या घागरी घेऊन घरी टेकाडाकडून वळसा घालून जायच्या, म्हणजे मळ्यातून आल्यासारखं दिसावं. पुरुष संध्याकाळी ओसरीवर तांब्या तोंडाला लावत आणि म्हणत, "मळ्याच्या पान्याची गोडीच येगळी गड्या! आडाच्या पान्याला ही चव न्हाईच." हे त्यांच्याच बायका मला येऊन सांगत आणि रहाटाला टेकून पोट धरून हसत. असं हसणं मी मिरज सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. पण हसताना सुद्धा त्या माझ्या घागरीपासून हातभर लांब उभ्या राहत, हे मी बघत होते.

बिंग फोडलं ते पाटलाच्याच मळ्यातल्या सालगड्यानं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. एके दिवशी भर चावडीत येऊन तो म्हणाला, "पाटील, बैलांस्नी पानी न्हाई. हिरीत निस्ता राडा ऱ्हायलाय. लय दिस झालं, घागर बुडंना."

पाटलाच्या हातात भरलेला तांब्या होता. त्यानं त्यात बघितलं. शेजारच्यानं आपल्या तांब्यात बघितलं. शाळेच्या ओट्यावरून आमचे मास्तर बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, असं ते म्हणाले, त्यांना वाचण्यापेक्षा बघण्यात जास्त मजा आली. विचारायचं तर सगळ्यांच्या घरी विचारावं लागलं असतं, आणि गावजेवण कुणी कुणाला घालायचं? पाटलानं घसा साफ केला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणाला, "काळ बदाललाय. गावानं जरा मोठं मन दावाय पायजे."

गावानं मोठं मन दाखवल्याचं मामलेदारांना कळलं आणि ते पुन्हा आले. पुन्हा डहाळे, पुन्हा नारळ. या वेळी हृदयपरिवर्तनावर भाषण झालं आणि पाटलाच्या गळ्यात हार पडला. पाणी पाटलाच्या गड्यानं ओढलं. साहेबांचं पित्त बरं झालेलं होतं, त्यांनी तांब्याभर पिऊन घेतलं. हे मला मास्तरांनी सांगितलं. मी खोलीत होते, ट्रंकेला टेकून. त्याच आठवड्यात मला मुलगी झाली होती.

मिरजेला जायचं राहून गेलं. बाळंतपणात महारवाड्यातल्या बाया पाणी आणून देत, काही कमी नव्हतं. एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापाशी भरलेली घागर आणि तिच्या तोंडावर फडक्यात बांधलेल्या बाळंतशेपा. गळ्याशी गेरूची रेघ असलेली घागर, पाटलाच्या घरची. मला भरून आलं. आणि लगेच दुसरं लक्षात आलं, की घागर मातीची आहे. त्यांच्या घरी तांब्याच्या घागरींची उतरंड होती. तांब्याची माझ्याकडून परत न्यावी लागली असती, घासून, विस्तवावर धरून शुद्ध करावी लागली असती. मातीची सोडून देता येते. शेपा मी खाल्ल्या, पण ती मातीची घागर कोपऱ्यात बघून रोज माझ्या डोक्यात तिडीक जाई. दया करतानासुद्धा तिनं परतीचा विचार करून ठेवला होता.

सव्वा महिना झाला. पोरीला खांद्याशी घेतलं, ती घागर दुसऱ्या हातात धरली आणि सकाळच्या भर गर्दीत आडावर गेले. काळ्या दगडापाशी थांबले नाही. कट्ट्यावर पाटलाची सून होती आणि तिची सासूही होती. मी घागर सुनेपुढं ठेवली. म्हटलं, "वैनी, तुमची घागर."

रहाट थांबला. महाराच्या घरात महिनाभर राहिलेली मातीची घागर आहे, हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. सासू तोंड फिरवून म्हणाली, "ठिव तितंच. फुटकी हाय ती."

सून खाली वाकली. तिनं घागर उचलली, उजेडाकडं धरून आत बघितलं, बोटानं टिचकी मारली.

"फुटकी कुटं हाय, आत्याबाई?" ती म्हणाली. "चांगली हाय की."

आणि पोहरा सोडून तिनं ती काठोकाठ भरली, माझ्या पोरीच्या कपाळाला दोन थेंब लावले, आणि घागर डोक्यावर घेऊन, चावडीवरून, सासऱ्याच्या समोरून घरी गेली. मामलेदारांना कळवायला पाहिजे होतं. पण या वेळी नारळ नव्हता.